कुळी त्र्याऐंशी

सप्टेंबरात आम्ही मोजणीला निघतो.
वेइक्को काठी उभी धरतो, मी आकडा वाचते,
तो मोठ्याने परत म्हणतो
आणि मग लिहितो, पेन्सिलीने,
कारण कायनूच्या पावसात शाई टिकत नाही.
तीन मीटर दहा. दोन नव्वद.
मेलेलं.
मेलेलं.
दोन साठ, शेंडा दुभंगलेला.

सतरा वर्षांपूर्वी ही पाइनची रोपं लावली ती सरमिसळ करून,
एका आईची लेकरं शेजारी येऊ नयेत अशी,
म्हणजे चांगल्या मातीचं श्रेय
कुणा एकीच्या पदरात पडायला नको.
कोण कुणाचं, ते अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीला ठाऊक.
खाण तशी माती, म्हणायला काय जातं.
आम्हाला त्यासाठी चौदाशे झाडं लागतात,
आणि झाडाचे पाय पाळण्यात दिसत नाहीत.

कुळी त्र्याऐंशी: लावली चाळीस, जिवंत अकरा.

हिची आई तळ्याकाठची.
अठ्ठावन्न साली आर्मास तोलोनेन नावाच्या माणसाने
स्कीवरून जाताना मान वर करून तिला निवडलं:
सरळ खोड, बारीक फांद्या, झाडावर एक डाग नाही.
बंदुकीने शेंड्याच्या डहाळ्या पाडल्या,
ओल्या शेवाळात गुंडाळल्या
आणि सहाशे किलोमीटर दक्षिणेला धाडल्या.
तिथे परक्या मुळांवर तिची कलमं झाली, नऊ.
उत्तरेच्या झाडांची बीजबाग दक्षिणेत करतात,
ऊब मिळाली की ती भरभरून फुलतात, एवढाच हिशेब.
वाऱ्याचाही हिशेब केला होता.
कमी केला होता.

अहवालात तिच्यासमोर मी एकच शब्द लिहिला: तोडावी.
वेइक्को म्हणाला, बरं झालं, माणसांत ही पद्धत नाही,
माझ्या आईचं काही खरं नव्हतं.
आम्ही हसलो. थर्मासमधली कॉफी संपवली.
मार्चमध्ये नऊच्या नऊ कलमं पडली.

तपासणीचं पत्र मे महिन्यात आलं.
शीतकोठारात त्याच वर्षीचं बी उरलं होतं, मूठभर;
प्रयोगशाळेतल्या सायमीने ते रुजवलं,
कोंबांच्या टोकाएवढ्या तुकड्यातून बाप शोधले.
शंभरातल्या सत्तावन्न बियांचा बाप
बागेत नव्हताच.
कुंपणापलीकडचं जंगल, दक्षिणेचे पाइन,
जूनमधला एक पिवळा धुरकट दिवस.
अशी लेकरं ऑगस्टअखेरपर्यंत वाढत राहतात,
कळ्या मिटायचं त्यांच्या रक्तात उशिरा येतं,
आणि इथली थंडी
कुणासाठी आठवडाभर थांबत नाही.

सायमीने खाली पेनाने लिहिलं होतं:
आईचा दोष दिसत नाही.

ते मी फाइलला लावलं.
फाइलला लावण्याव्यतिरिक्त काय करतात, मला माहीत नाही.
बुंधे बघायला गेले नाही.

फेब्रुवारीत मात्र आम्ही तळ्याकडे गेलो,
कामाच्या वेळेत, कामाशिवाय.
ती उभी होती.
खोडावर फिकट पिवळ्या रंगाचा जुना पट्टा,
वर, छऱ्यांनी फांदी गेली तिथे
राळेची गाठ, मुठीएवढी.
तिला कुणी काही कळवलेलं नव्हतं.
वेइक्कोने टोपी काढली, मग थंडी वाजली म्हणून घातली.
बर्फाच्या भाराने मोडलेली एक फांदी खाली पडली होती,
तिच्यावरची शंकूफळं मी हातमोज्यात भरली,
नोंद केली नाही.

परतताना गाडीत हीटर लावला.
हातमोजा समोरच्या काचेपाशी ठेवला होता.
पुहोसच्या वळणापाशी कटकट सुरू झाली, बारीक,
एकामागून एक.
वेइक्कोने वेग कमी केला,
कान देऊन ऐकलं,
आणि म्हणाला, इंजिन बघायला हवं.